चांदी शंभराची, नाणं अडीचशेचं: घ्यावं का?

प्रश्न : माझे वडील सैन्यात सिग्नल्समध्ये होते. ते गेल्यावर त्यांची आठवण म्हणून मी युद्धांवरची, सैनिकांवरची स्मारक नाणी जमवायला लागले. आतापर्यंत वेगवेगळ्या देशांच्या टांकसाळींची चार चांदीची प्रूफ नाणी (जमवणाऱ्यांसाठी खास चकचकीत पाडलेली) घेतली. प्रत्येकासाठी आतल्या चांदीच्या अडीचपट तरी पैसे मोजले असतील. मुलगा म्हणतो, ‘आई, चांदीच हवी तर सरळ चांदीची लगड घे ना, या डब्यांवर कशाला पैसे घालवतेस?’ आता एका विक्रेत्याने रणगाड्याचं रंगीत चित्र असलेलं, ‘जगात फक्त ५०० नग’ असं प्रमाणपत्र असलेलं नाणं देऊ केलंय. महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणतो. मी निवृत्त आहे, पेन्शनमधून थोडे पैसे बाजूला टाकते. हे नाणं घ्यावं का? आणि मुळात हा छंद पुढे न्यावा का?
— एका सैनिकाची मुलगी

उत्तर : ताई, तुम्ही एका पत्रात दोन प्रश्न विचारलेत आणि दोघांची उत्तरं उलट आहेत. रंगीत रणगाडा घेऊ नका. छंद मात्र सोडू नका. असं का म्हणतोय ते सांगतो, पण त्याआधी थोडा हिशेब करू, कारण तुमच्या चिरंजीवांचा मुद्दा हिशेबाचा आहे आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवं.

नाण्याचं वजन म्हणजे चांदीचं वजन नव्हे, इथून सुरुवात करा. अमेरिकेचा चांदीचा स्मारक डॉलर २६.७३ ग्रॅमचा असतो, पण २०१८ पर्यंतच्या डॉलरांत चांदी ९० टक्के आणि बाकी तांबं. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. ब्रिटनचं पाच पौंडांचं चांदीचं प्रूफ नाणं २८.२८ ग्रॅमचं, पण स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेचं. त्यात चांदी साधारण २६.१६ ग्रॅम. विक्रेते बहुतेक वेळा पूर्ण वजन सांगतात आणि आपण पूर्ण वजनाला भाव लावतो, त्यामुळे प्रीमियम, म्हणजे चांदीवर दिलेली जादा रक्कम, असते त्यापेक्षा कमी वाटते. तुमची चारही नाणी काढा, प्रमाणपत्रावरची शुद्धता बघा, शुद्ध चांदी किती ते काढा आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा. तुम्ही मोजलेल्या पैशातून ही रक्कम वजा केली की जे उरतं तो प्रीमियम.

तुमच्या अंदाजाप्रमाणे चांदी १०० ची आणि नाणं २५० चं आहे असं धरू. वरचे १५० म्हणजे दागिन्याची घडणावळ. दागिना मोडायला गेलं की सोनार सोन्याचा भाव देतो, घडणावळीचा देत नाही. आधुनिक स्मारक नाण्यांचंही बहुतांशी तसंच आहे. उद्या विकायला गेलात तर हातात १०० च्या आसपास पडतील. तुमचे २५० परत यायचे तर चांदीच अडीचपट व्हायला हवी. आणि चांदी अडीचपट होणार असा कुणाला भरवसा असेलच, तर त्याने लगड घ्यावी. इथवर मुलगा शंभर टक्के बरोबर आहे.

पण त्या वरच्या १५० मध्ये काय काय आहे हे त्याने पाहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक जमवणारेही पाहत नाहीत. त्यातला काही भाग खऱ्या कामाचा आहे. प्रूफ नाण्याचे साचे घासून आरशासारखे केलेले असतात, कोऱ्या चकत्याही निवडून चकचकीत केलेल्या, एकाच नाण्यावर एकापेक्षा जास्त ठोके, आणि नंतर हातमोजे घालून हाताळणी. ती मजुरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. काही भाग डब्याचा, प्रमाणपत्राचा, टपालाचा, मधल्या विक्रेत्याच्या नफ्याचा. काही वेळा त्यात देणगीही असते. आणि उरलेला भाग असतो टंचाईचा. खरी गंमत आणि खरी फसगत दोन्ही या शेवटच्या भागात आहेत.

देणगीचं आधी उरकतो. अमेरिकेत प्रत्येक स्मारक नाण्यासाठी संसद कायदा करते आणि किमतीत ठरावीक अधिभार धरलेला असतो. अलीकडच्या काळात चांदीच्या डॉलरवर साधारण १० डॉलर, पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर ३५ डॉलर. तो पैसा कायद्यात नाव असलेल्या संस्थेला जातो, तोही टांकसाळीचा खर्च भरून निघाल्यावर. १९९१ मध्ये कोरियन युद्धाचा चांदीचा डॉलर निघाला, त्यातल्या अधिभारातून वॉशिंग्टनमधल्या कोरियन युद्ध स्मारकाला मदत झाली. ते स्मारक १९९५ मध्ये खुलं झालं. (हे नाणं युद्ध थांबल्याच्या ३८ व्या वर्षाचं होतं. ३८ वर्षं कुणी साजरी करतं का? पण कोरिया दुभंगला तो ३८ व्या अक्षांशावर, म्हणून.) सैनिकांच्या कामाला आपले चार पैसे लागावेत असं वाटत असेल तर असं नाणं थेट टांकसाळीकडून, विक्री चालू असतानाच घ्यावं आणि अधिभार ही देणगी समजून विसरून जावा. दुसऱ्या हाताने घेतलेल्या नाण्यातून त्या संस्थेला एक पैसाही मिळत नाही. विक्रेत्याने कितीही भावुक होऊन सांगितलं तरी.

याच कोरियन डॉलरची प्रूफ प्रत सहा लाखांहून जास्त पाडली गेली. आज ती शोधायला गेलात तर चांदीच्या भावाच्या आसपासच मिळते. नव्या नाण्याला अडीचपट मोजायचे आणि तीस-पस्तीस वर्षं जुनं, खऱ्या युद्धाच्या खऱ्या स्मारकाला हातभार लावलेलं नाणं जवळजवळ धातूच्या भावात पडून आहे. हे चित्र एकदा नीट डोळ्यांपुढे आणा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आता टंचाई. २०२० मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला ७५ वर्षं झाली. अमेरिकन टांकसाळीने एक छोटीशी खूण तयार केली, वॉशिंग्टनच्या महायुद्ध स्मारकातल्या जलाशयाच्या आकाराची चौकट आणि आत ‘व्ही ७५’ (व्ही म्हणजे व्हिक्टरी, विजय). ही खूण त्यांनी ईगल या आपल्या सोन्या-चांदीच्या नाण्यांवर टाकली. सोन्याची नाणी काढली फक्त १,९४५, म्हणजे युद्ध संपलं त्या सालाइतकी, चांदीची ७५,०००. नोव्हेंबरात विक्री सुरू झाली आणि बघता बघता संपली. लोकांच्या संकेतस्थळावर उड्या पडल्या, अनेकांच्या हाती काही लागलं नाही, आणि ज्यांच्या लागलं त्यांतल्या काहींनी लगेच चढ्या भावाने विकायला काढली. पण तीच खूण त्याच वर्षी पाव डॉलरच्या नाण्यांवरही होती. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीत पाच नमुने पाडले, प्रत्येकी २० लाख, आणि ते थेट चलनात सोडले. दुकानात सुट्टे घेताना ते पंचवीस सेंटांत हाताला लागू शकत होते. प्रसंग एक, खूण एक, टांकसाळ एक, वर्ष एक. एका टोकाला हजारो डॉलर आणि दुसऱ्या टोकाला मोड.

इतिहासाची किंमत त्या हजारो डॉलरांत नव्हती. ती किंमत १,९४५ या आकड्याची होती, आणि तो आकडा कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेला होता. ठरवण्यात गैर काही नाही. त्या सोन्याच्या नाण्याला भाव टिकलाही, कारण घेणारे खूप आणि नाणी खरोखरच मूठभर. पण आपण पैसे कशाला देतोय हे माहीत असलं पाहिजे.

उलटी बाजूही आहे. ‘सोल्ड आऊट’ म्हणजे दुर्मीळ नव्हे. २००५ चा अमेरिकन मरीन कोअरचा चांदीचा डॉलर घ्या. त्यावर दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटाच्या टेकडीवर झेंडा रोवणारे सैनिक आहेत, ते प्रसिद्ध छायाचित्र. मागणी इतकी आली की कमाल संख्या पाच लाखांवरून सहा लाखांवर नेली, आणि तीही संपली. जाहिरातवाल्यांना याहून चांगलं काय हवं? पण सहा लाख म्हणजे सहा लाख. ज्यांना हवं होतं त्यांना मिळालं, आणि आता त्यांतली हजारो कुणाच्या ना कुणाच्या कपाटातून बाजारात येत असतात.

खरी दुर्मीळ नाणी बहुधा अशी घडतच नाहीत. १९३७ मध्ये अमेरिकेत त्यांच्या यादवी युद्धातल्या अँटिटमच्या लढाईच्या ७५ व्या वर्षानिमित्त अर्धा डॉलर काढला. ५०,०२८ नाणी पाडली. लोकांनी तेवढी घेतलीच नाहीत. ३२,००० परत टांकसाळीत गेली आणि वितळवली गेली, उरली १८,०२८. त्याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवरच्या अर्ध्या डॉलरचंही तेच: तेवढीच पाडली आणि उरली २६,९२८. आज या दोन्ही नाण्यांना जमवणारे आनंदाने प्रीमियम देतात. या नाण्यांची टंचाई कुणाच्या योजनेत नव्हती, ती न विकल्यामुळे आली. त्या वेळी कुणी ‘महिनाअखेरपर्यंत कळवा’ म्हणालं असतं तर लोकांनी सरळ ‘नको’ म्हटलं असतं, आणि म्हणालेही.

आणि कधी कधी नाणं इतकं मुबलक असतं की प्रीमियमचा प्रश्नच येत नाही, तरी ते जमवण्यासारखं असतं. सोव्हिएत संघाने १९६५ मध्ये विजयाच्या २० व्या वर्षी एक रुबलचं नाणं काढलं, साधारण सहा कोटी. चांदी नाही, तांबं-निकेल. त्यावर बर्लिनच्या ट्रेप्टोव्ह पार्कमधला सैनिकाचा पुतळा आहे, एका हातात तलवार, दुसऱ्या हातावर लहान मूल. सोव्हिएत संघाचं चलनात आलेलं हे पहिलं स्मारक नाणं. ते लोकांच्या खिशात फिरलं, त्याने पाव-दूध आणलं, आणि ज्यांनी ते खर्च केलं त्यांच्यात युद्धातून परत आलेले सैनिकही असणार. डब्यात जन्मून डब्यातच राहिलेल्या प्रूफ नाण्याला हे जमत नाही. मला विचाराल तर तुमच्या चार प्रूफ नाण्यांशेजारी हा झिजलेला रुबल ठेवून बघा; नजर आधी कुठे जाते ते तुम्हीच ठरवा.

आता तुमचा रणगाडा.

‘जगात फक्त ५०० नग’ या वाक्यात ५०० कशाचे हे लिहिलेलं नसतं. तेच नाणं वेगळ्या रंगात आणखी ५००, सोन्याचा मुलामा देऊन आणखी ५००, लाकडी पेटीत आणखी ५००, आणि पुढच्या वर्षी रणगाड्याच्या जागी तोफ. संख्या त्या एका खोक्यापुरती खरी असते. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. नाणं कुठल्या देशाच्या नावाने निघालं आहे? त्यावर दर्शनी किंमत आहे का? रंग टांकसाळीतच भरलाय की नंतर कुणी? अनेक खासगी आणि सरकारी टांकसाळी नियुए, कुक आयलंड्स, तुवालू अशा छोट्या बेटांच्या नावाने नाणी काढतात. कायद्याने ती नाणीच, त्यांच्यावर दर्शनी किंमतही असते, त्यामुळे त्यांना खोटं म्हणता येणार नाही. पण त्या बेटाचा त्या रणगाड्याशी संबंध काय, असं स्वतःला विचारलं की बराचसा उत्साह आपोआप ओसरतो. दर्शनी किंमत मुळीच नसेल तर ते नाणं नाही, पदक आहे. मेडल म्हणून सुंदर असू शकतं, पण मग नाण्याचा भाव का द्यायचा? आणि एखाद्या खऱ्या सरकारी नाण्यावर मागाहून कुणीतरी रंग चढवला असेल, तर जाणकारांच्या लेखी ते खराब केलेलं नाणं आहे. सोन्याच्या मुलाम्याचं तर बोलूच नका. तो थर इतका पातळ असतो की त्यातल्या सोन्याला हिशेबात धरायचं कारण नाही.

रंगाविरुद्ध माझं काही नाही, गैरसमज नको. कॅनडाने २००४ मध्ये पंचवीस सेंटांच्या नाण्यावर लाल पॉपीचं फूल छापलं, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ. चलनासाठी काढलेलं जगातलं पहिलं रंगीत नाणं ते. त्याचा एक किस्सा आहे. अमेरिकन संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या काही कंत्राटदारांना कॅनडात हे नाणं दिसलं, त्यावरचा पारदर्शक थर त्यांना भयंकर संशयास्पद वाटला, आणि हेरगिरीचं यंत्र असावं अशी रीतसर नोंद झाली. २००७ मध्ये उलगडा झाला. ऑस्ट्रेलियानेही २०१२ मध्ये दोन डॉलरचं लाल पॉपीचं नाणं काढलं, फक्त ५,०३,००० नग. चलनातलं नाणं असून त्याला आज चांगला प्रीमियम आहे, कारण ते वापरलं गेलं, रंग घासला गेला, आणि चांगल्या अवस्थेतलं मिळणं अवघड झालं. रंग टांकसाळीचा, प्रसंग त्या देशाचा स्वतःचा, टंचाई वापरातून आलेली. तुमच्या रणगाड्यात यातलं एकही नाही.

ग्रेडिंगबद्दलही थोडं सांगून ठेवतो, कारण पुढचा विक्रेता तिथूनच येईल. पीसीजीएस, एनजीसी अशा कंपन्या नाणं तपासून, ७० पैकी गुण देऊन प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये सीलबंद करतात. जुन्या आणि महाग नाण्याला याचा फार उपयोग आहे. खरं-खोटं तरी कळतं. पण आधुनिक प्रूफ नाणी टांकसाळीतूनच जवळजवळ निर्दोष निघतात, त्यामुळे ६९ आणि ७० ढिगाने असतात. ६९ आणि ७० मधला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, भावात मात्र दिसतो. ‘फर्स्ट डे’, कुणाची तरी सही, सैनिकी झेंडा छापलेलं लेबल, हे सगळं नाण्याबाहेरचं आहे. लेबल जमवायचं असेल तर जरूर घ्या.

मग घ्यायचं कसं? माझं साधं मत आहे की तुमच्यासारख्या हौशी माणसाने नवीन नाणं निघालं त्या वर्षी घेऊच नये. अपवाद एकच, वर सांगितलेला देणगीचा. बाकी नाण्यांना दोन-तीन वर्षं जाऊ द्यावीत. गडबड सरते, भेट म्हणून मिळालेल्यांची, घाईने घेतलेल्यांची आणि वारसांची नाणी विक्रीला येतात आणि भाव धातूकडे सरकतो. क्वचित एखादं नाणं वर जातं, ते जाऊ द्या. एक हुकलेलं नाणं नऊ फुगवलेल्या नाण्यांपेक्षा स्वस्त पडतं. किंमत ठरवताना कुणी किती मागतंय ते पाहू नका, कितीला विकलं गेलं ते पाहा. लिलावांचे झालेले सौदे बघता येतात, मागणीचे आकडे म्हणजे नुसती इच्छा. आणि विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: ‘हेच नाणं मी पुढच्या आठवड्यात परत आणलं तर तुम्ही कितीला घ्याल?’ जो आकडा सांगेल तो ऐकून घ्या. जो विषय बदलेल, त्यानेही उत्तर दिलंच आहे. परदेशातून मागवत असाल तर टपाल, विमा आणि आयात शुल्क आधी विचारा, तेही प्रीमियमच.

खोट्या नाण्यांची भीती बाळगा, पण घाबरू नका. चांदीच्या आधुनिक नाण्याला चुंबक चिकटत नाही, वजन दशांशापर्यंत ठरलेलं असतं, व्यास ठरलेला असतो. छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मोजपट्टीवर बरीच खोटी नाणी पकडली जातात. एखादं नाणं बाजारभावाच्या फारच खाली मिळत असेल तर काटा काढायच्या आधीच पाऊल मागे घ्या.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमचे वडील सिग्नल्समध्ये होते असं लिहिलंत, आणि तिथेच मी थांबलो. तुम्ही ‘सैनिकी’ असा फार रुंद विषय धरलाय, म्हणून कुणीही येऊन तुम्हाला रणगाडा विकू पाहतो. वडिलांचं काम संदेश पोहोचवण्याचं होतं. मग तिथूनच सुरुवात करा. कॅनडाने १९४३ मध्ये पाच सेंटांचं एक नाणं काढलं. त्यावर मोठं व्ही अक्षर आणि मशाल आहे. ते व्ही म्हणजे विजय, आणि रोमन पाचही तेच. बारा बाजूंचं नाणं. त्याच्या कडेला नक्षीसारखे ठिपके आणि रेघा दिसतात. ती नक्षी नाही, मोर्स संकेत आहे: आपण मनापासून काम करतो तेव्हा आपण जिंकतो, असा संदेश. साचा थॉमस शिंगल्स नावाच्या कोरीव कारागिराने हाताने कोरला. १९४३ चं नाणं टोम्बॅक नावाच्या तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं, कारण निकेल युद्धसामग्रीला लागत होतं. १९४४ आणि १९४५ ची क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाची, कारण तोवर तांबंही वाचवायचं होतं. ही कोट्यवधींनी निघाली. साधारण अवस्थेतली अगदी माफक पैशात मिळतात. सिग्नल्समधल्या माणसाच्या मुलीने ते ठिपके एकदा स्वतः वाचून बघावेत.

हे स्मारक नाणं नाही, हे लक्षात घ्या. युद्ध चालू असताना, युद्धामुळेच असं घडलेलं नाणं आहे. स्मारक नाणं युद्धाबद्दल बोलतं. हे नाणं स्वतः युद्धात होतं. अशी नाणी एक वेगळाच संग्रह होतो, आणि बहुतांशी स्वस्त. अमेरिकेने १९४३ मध्ये एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं केलं, कारण तांबं दारूगोळ्याला हवं होतं. शंभर कोटींहून जास्त पाडली. त्याला चुंबक चिकटतो, आणि इथे तो चिकटलाच पाहिजे. त्याच काळातल्या पाच सेंटांच्या नाण्यात निकेल वाचवण्यासाठी ३५ टक्के चांदी घातली होती, म्हणजे महागडा धातू घालून स्वस्त धातू वाचवला. युद्धात असलेही हिशेब होतात. त्याहून मागे जायचं तर आयर्लंडमध्ये १६८९–९० ला इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स याने जुन्या तोफा, घंटा, मोडकी भांडी वितळवून पितळी नाणी पाडली. सैन्याला पगार द्यायला चांदी नव्हती. त्या नाण्यांवर सालाबरोबर महिनाही आहे, कारण युद्ध जिंकल्यावर ती टप्प्याटप्प्याने बदलून चांदी देऊ असं राजाने कबूल केलं होतं. तो युद्ध हरला. महिना मात्र अजून वाचता येतो. याला ‘गन मनी’ म्हणतात. यातली चांगल्या अवस्थेतली नाणी स्वस्त नाहीत, पण अडीचपट प्रीमियमचं आधुनिक प्रूफ घेण्याऐवजी तेवढे पैसे साठवून एक साधारण गन मनी घेतलंत, तर मी तुम्हाला मुळीच थांबवणार नाही.

चांदीचीच स्मारक नाणी हवीत, तीही जुनी, तर १९१३ चं सॅक्सनीचं तीन मार्कचं नाणं बघा. लाइपझिगला नेपोलियन हरला त्याला शंभर वर्षं झाली, तेव्हा तिथे प्रचंड स्मारक उभं राहिलं, त्याचंच चित्र नाण्यावर आहे. १६.६७ ग्रॅम वजन, ९० टक्के चांदी. जवळजवळ दहा लाख पाडली, म्हणून शतकाहून जुनं असूनही ते आवाक्यात आहे. प्रीमियम द्यावा लागेल, पण तो शतकभर टिकून राहिलेल्या वस्तूचा असेल, मखमली खोक्याचा नव्हे.

एक विचारायचं राहिलं. वडिलांची स्वतःची पदकं तुमच्याकडे आहेत का? पत्रात उल्लेख नाही. असतील तर त्यांची फीत, नावाची कागदपत्रं, एखादा गणवेशातला फोटो हे सगळं एकत्र ठेवा. कुठल्याही टांकसाळीचं नाणं त्याच्या बरोबरीला येणार नाही, आणि तुमच्या संग्रहाचं केंद्र तेच असायला हवं. बाकीची नाणी त्याच्याभोवती बसतील. एखाद्या पलटणीचं ‘चॅलेंज कॉइन’, म्हणजे पलटणीच्या खुणेची आठवणीची चकती, वडिलांना कुणी हातात दिलेलं सापडलं तर तेही याच खणात. बाजारात विकत मिळणारी तसलीच नवी चकती मात्र नको, ती कुणी कुणाला दिलेली नसते.

चार प्रूफ नाण्यांचं काय करायचं? विकू नका. आत्ता विकलीत तर तोटा आजच पक्का होईल, आणि त्यांनी तुम्हाला आनंद दिलाय हेही खोटं नाही. कॅप्सूलमधून बाहेर काढू नका, पुसू नका, चांदी उजळायच्या कुठल्याही द्रावणात बुडवू नका. काळसर झाली तरी चालेल, पुसलेलं प्रूफ कायमचं खराब होतं. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर धरतो. मूळ डबा आणि प्रमाणपत्र जपा. विकताना त्यांचे फार पैसे येत नाहीत, नसले तर मात्र कापले जातात.

आणि मुलाशी भांडू नका. म्हातारपणाची, आजारपणाची बचत त्याच्या सल्ल्याने करा, तिथे तो बरोबर आहे. नाण्यांसाठी दरवर्षी वेगळी, ठरलेली, गेली तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठेवा आणि ती बचत आहे असं स्वतःलाही सांगू नका. एक वही करा. प्रत्येक नाण्यापुढे कधी घेतलं, कितीला घेतलं, त्या दिवशी आतली चांदी कितीची होती, आणि का घेतलं, एवढं लिहा. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते नाणं घेऊ नका. रंगीत रणगाड्यापुढे तुम्ही तिथे काय लिहिलं असतं ते बघा. पहिले तीन रकाने मुलाकडून भरून घ्या, त्याला आकड्यांची आवड दिसते.